दोन सह्यांची झोप

लग्न नाशिकला, गाडी पुण्याहून पहाटे पाचला, म्हणजे उठायचं चारला. "आज सगळ्यांनी नऊला झोपायचं," असा फतवा मी दुपारी जेवतानाच काढला आणि आमरसाच्या चौथ्या वाटीनंतर वामकुक्षीसाठी आडवा झालो. वामकुक्षी वीस मिनिटांची असते म्हणतात. माझी साडेचारच्या चहाला संपली.

रात्री नऊला दिवे बंद. नऊ पाचला बायको घोरू लागली. मी पंख्याकडे बघत पडलो. पंखा पाचवर असताना पाती मोजता येत नाहीत, हा शोध साडेनऊला लागला.

दहाला पाणी प्यायला उठलो, तर फतवा धुडकावून लेक अभ्यास करत बसलेली. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी हयात बँकेत गेली, त्यामुळे तिला मला कसं समजवायचं ते ठाऊक आहे.

"बाबा, झोप हे जॉइंट अकाउंट आहे. दोघांच्या सह्या लागतात."

पहिली सही झोपेच्या गरजेची. जागं राहू तसतसं मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, झोपलं की उतरतं.

"म्हणजे कर्जच की!"

"हो, आणि तुम्ही ते दुपारीच बरंचसं फेडून बसलात."

मुदतीआधी कर्ज फेडल्याबद्दल बोलणी खाल्लेला मी पहिलाच कर्जदार असेन. वर सातचा दुसरा चहा. कॅफीन अडेनोसिनची जागा अडवून बसतं. कर्ज वाढतच असतं, फक्त वसुलीवाल्याला दार उघडत नाही. पाचेक तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं.

दुसरी सही शरीराच्या घड्याळाची. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर जेमतेम 20,000 पेशींचा ठिपका. हा साहेब तुमचा थकवा विचारत नाही. उजेड-अंधार बघून आपली वेळ लावतो. आणि नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास तर तो सगळ्यात जास्त जागं ठेवतो, नाहीतर दिवसभराच्या कर्जाने माणूस संध्याकाळीच आडवा व्हायचा. मी रोज झोपतो साडेअकराला. नऊला गेलो म्हणजे साहेब ऐन भरात असताना सुट्टीचा अर्ज घेऊन गेलो!

ही दोन सह्यांची पद्धत झुरिकचे झोप-संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये मांडली. तेव्हा मी गच्चीवर सतरंजी टाकून कुणाच्याही सहीशिवाय झोपत असे.

डोळा लागला दीडला. चारला गजर. पहाटे शरीराचं तापमान तळाला गेलेलं असतं. त्याला थर्मामीटर कशाला, बिघडलेला गिझर पुरतो. गाडीत सगळे झोपले, मी पुढे, कारण ड्रायव्हर म्हणाला, "काका, बोलत राहा." नऊला ऊन चढलं, घड्याळाने उचल खाल्ली आणि मी चक्क ताजातवाना झालो. कार्यालयात चार जणांना ऐकवलंसुद्धा, "आपल्याला झोप लागतेच कमी."

मुहूर्त 1 वाजून 7 मिनिटांचा. दुपारची गुंगी जेवणाने येते हा माझा समज. ती उपाशीपोटीही येते, कारण घड्याळाची पकड तेव्हा जरा ढिली पडते. कर्ज तर डोक्यापर्यंत आलेलंच. मंगलाष्टकं सुरू झाली, पंखे मंद फिरत होते, खुर्चीला हात होते.

'सावधान' पाच वेळा झालं म्हणे. मी एकदाही झालो नाही. माझ्या मुठीतल्या अक्षता लेकीने परस्पर टाकल्या.