‘मराठी पुस्तक ऑनलाइनच घ्यावे’ या सल्ल्यातले कच्चे दुवे

मराठी वाचकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर वारंवार फिरतो. त्याचा आशय असा: पुस्तकांचे दुकानदार छापील किमतीतला एक रुपयाही सोडत नाहीत, तेच पुस्तक ऑनलाइन निम्म्या किमतीत आणि मोफत घरपोच येते, आवडले नाही तर परत करता येते, हवे ते कुठलेही पुस्तक मिळते, आणि दुकाने बंद पडत असतील तर तो त्यांच्याच आडमुठेपणाचा परिणाम आहे, वाचकाचे त्यात काही बिघडत नाही. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांमध्ये मनापासून वाचणारी माणसेही असतात, म्हणूनच त्यातले एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

दुकानदार एक रुपयाही सोडत नाही, हे पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा दादरला नेमाने पुस्तके घेणाऱ्या वाचकाला पटणार नाही. दहा टक्के सवलत बहुतेक ठिकाणी सहज मिळते, चार-पाच पुस्तके एकदम घेतली तर अधिक मिळते, आणि पुस्तक प्रदर्शनात किंवा प्रकाशनपूर्व नोंदणीत ती वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही वर जाते. उलट मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवरची डोळ्यांत भरणारी सवलत मोजक्या पुस्तकांवरच असते: व्यक्तिमत्त्व विकासाची भाषांतरे, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके, आधीच भरपूर खपलेली चरित्रे आणि कादंबऱ्या. एखाद्या छोट्या प्रकाशकाचा 150 रुपयांचा कवितासंग्रह तिथे शोधला, तर वीस टक्के सवलत धरून 120 रुपये आणि मोफत पोहोचवण्याची किमान रक्कम गाठलेली नसल्यामुळे त्यावर 50 रुपये पाठवणावळ, असे एकूण 170 रुपये होतात. म्हणजे छापील किमतीपेक्षा वीस रुपये जास्त. किमतीची तुलना करायची असेल तर ती शेवटी खात्यातून गेलेल्या रकमेशी करावी, पडद्यावर लाल अक्षरांत दिसणाऱ्या टक्केवारीशी नव्हे.

घरपोच सेवा ‘मोफत’ असते, हे विधान तर पुस्तकांच्या बाबतीत विशेष फसवे आहे. ऑनलाइन बाजारपेठ विक्रेत्याकडून दलाली घेते, शिवाय वजनाप्रमाणे पाठवणावळ कापून घेते. कुरियरचा दर सहसा अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी चढतो. अडीच-तीनशे पानांची दोन पुस्तके आणि त्यांभोवतीचा पुठ्ठा मिळून वजन पाचशे ग्रॅमच्या थोडे वर गेले, की दुसऱ्या टप्प्याचा दर लागतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण कुरियर सेवेवर 18 टक्के आहे, आणि पुस्तकविक्री करमुक्त असल्यामुळे प्रकाशकाला त्या कराची वजावट मिळत नाही. तो खर्च त्याच्याच अंगावर पडतो. टपाल खात्याची नोंदणीकृत बुक पोस्ट ही छोट्या प्रकाशकांना परवडणारी सेवा डिसेंबर 2024 मध्ये अचानक बंद झाली, तेव्हा कित्येकांचे हिशेब कोलमडले. त्यानंतर 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली आणि 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, पाच किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा, असा दर ठरला. हा दिलासा खरा आहे, मात्र ही टपालवाहतूक जमिनीवरून होते, त्यामुळे उद्याच्या उद्या पुस्तक हवे असणाऱ्याला ती उपयोगी नाही. सारांश, पाठवणीचा खर्च कुणीतरी भरतोच, आणि मराठी पुस्तकाच्या बाबतीत तो बहुधा प्रकाशक भरतो. पुढच्या आवृत्तीची छापील किंमत ठरवताना मग तोच खर्च वाचकाकडे परत येतो.

‘निम्म्या किमतीत’ या शब्दांपाशी मात्र जास्त वेळ थांबावे लागेल, कारण इथे वाचकाचे आणि लेखकाचे थेट नुकसान आहे. प्रकाशक किरकोळ विक्रेत्याला साधारणपणे छापील किमतीच्या 25 ते 40 टक्के, तर मोठ्या वितरकाला त्याहून काही अधिक कमिशन देतो. नुकतेच आलेले, मागणी असलेले पुस्तक कुणी 60 टक्के सवलतीत विकत असेल, तर एकतर तो विक्रेता गिऱ्हाईक जोडण्यासाठी जाणूनबुजून तोटा सोसत असतो, नाहीतर ती प्रत प्रकाशकाकडून आलेलीच नसते. खपाच्या मराठी पुस्तकांच्या नकली प्रती पदपथांवर विकल्या जातात, तशा त्या ऑनलाइनही विकल्या जातात, आणि त्याविरुद्ध मराठी प्रकाशकांनी पोलिसांत तक्रारी केलेल्या आहेत.

अशी प्रत हातात घेतली की लगेच ओळखू येते. कागद इतका पातळ असतो की मागच्या बाजूची अक्षरे पुढून दिसतात. मुखपृष्ठ मूळ प्रतीवरून स्कॅन केलेले असल्यामुळे त्यावरची बारीक अक्षरे फुगलेली आणि छायाचित्राच्या कडा धूसर दिसतात, मजकूर काही पानांवर तिरका बसलेला असतो, आणि पुस्तक मधोमध पूर्ण उघडले की पाठीचा डिंक सुटू लागतो. दुकानात हे सगळे अर्ध्या मिनिटात कळते. पडद्यावर मात्र छायाचित्र मूळ मुखपृष्ठाचे असते, त्यामुळे पैसे भरेपर्यंत काहीच कळत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार अशा चोरीला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, परंतु कायद्याची कारवाई होईपर्यंत त्या प्रती विकल्या गेलेल्या असतात आणि लेखकाला त्यांचे मानधन मिळत नाही. ज्या लेखकावरच्या प्रेमापोटी आपण पुस्तक मागवतो, त्यालाच त्यातून काही पोहोचू नये, ही गोष्ट मला सवलतीच्या कुठल्याही हिशेबापेक्षा गंभीर वाटते.

परत करण्याच्या सोयीबद्दल थोडक्यात सांगता येईल. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 नुसार सदोष, नकली किंवा वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. ‘आवडले नाही’ हे कारण त्यात येत नाही, आणि पुस्तकांच्या बाबतीत बऱ्याचदा केवळ बदलून देण्याचीच तयारी असते. शिवाय पुस्तकातला दोष उशिरा सापडतो. सोळा पानांचा एखादा फर्मा (एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेला पानांचा संच) बांधणीत गळाला, तर 96 नंतर एकदम 113 वे पान येते, आणि वाचक तिथे पोहोचेपर्यंत परतीची मुदत उलटून गेलेली असते. ओळखीचा दुकानदार अशी प्रत महिन्याभरानेही बदलून देतो, कारण त्यालाही ती प्रकाशकाकडून बदलून मिळते.

हवे ते कुठलेही पुस्तक ऑनलाइन मिळते, या विधानात ‘हवे ते’ हा भाग महत्त्वाचा आहे. ज्याचे नाव आपल्याला आधीच ठाऊक आहे, ते पुस्तक शोधता येते. तेही प्रत्येक वेळी सापडतेच असे नाही, कारण मराठी शीर्षके रोमन लिपीत मनाला येईल तशी नोंदवलेली असतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी छापलेल्या कितीतरी पुस्तकांची कुठेच नोंद नसते. ज्याचे नावही कानावर आलेले नाही, ते पुस्तक मात्र दुकानाच्या फळीवर चाळतानाच भेटते. दिवाळी अंकांचे उदाहरण घ्यावे. 1909 पासून चालत आलेल्या या परंपरेतले शेकडो अंक दरवर्षी निघतात, आणि त्यांतले चार-सहा निवडणारा वाचक अनुक्रमणिका उघडून, एखाद्या लेखाचा पहिला परिच्छेद वाचूनच निवड करतो. मराठी पुस्तकाची आवृत्ती पूर्वी हजार-अकराशे प्रतींची असे, आता ती अनेकदा पाचशे-तीनशेवर आलेली आहे. एवढ्या थोड्या प्रती जाहिरातीच्या बळावर खपत नाहीत. त्या हाताळून, चाळून, दुकानदाराने ‘हे बघा, नवीन आलंय’ म्हणून पुढे केल्यावर खपतात. दुकान गेले की अशा पुस्तकाचा पहिला वाचकच जातो, म्हणून वाचकाचे काही बिघडत नाही, हे मला मान्य नाही.

दुकाने आडमुठेपणामुळे बंद पडतात, हेही अर्धेच खरे आहे. काउंटरबाहेर उभे करून ‘नाव सांगा’ म्हणणारे, पुस्तक चाळू न देणारे दुकानदार आहेत, आणि त्यांच्याबद्दलची नाराजी रास्त आहे. पण मुंबईच्या फोर्टमधल्या स्ट्रँड बुक स्टॉलचे काय? टी. एन. शानभाग यांनी 1948 मध्ये सुरू केलेले हे दुकान, मुख्यतः इंग्रजी पुस्तकांचे असले तरी, सवलतीसाठीच ओळखले जाई. पुस्तके मोकळेपणाने चाळू द्यायची ही तिथली रीत होती. तेही फेब्रुवारी 2018 मध्ये बंद झाले. जागांचे भाडे, अडकून पडणारे भांडवल आणि भांडवलदार कंपन्यांना परवडणारा तोटा या गोष्टी सौजन्याने भरून निघत नाहीत.

ऑनलाइन खरेदीच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. बहुतेक तालुक्यांच्या गावी पुस्तकांचे दुकान म्हणजे वह्या, गाइडे आणि पाठ्यपुस्तकांचे दुकान. तिथल्या वाचकाला साहित्याचे पुस्तक ऑनलाइनच घ्यावे लागते, आणि ही सोय नव्हती तेव्हा त्याला शहरात जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती यादी द्यावी लागे. परदेशातल्या मराठी वाचकाला तर पुस्तकापेक्षा टपाल महाग पडते, तरीही तो मागवतो. या वाचकांना कुणी दुकानाचे गोडवे सांगू नयेत. परंतु ऑनलाइन म्हणजे केवळ दोन-तीन अवाढव्य कंपन्या नव्हेत. बुकगंगासारखे मराठी पुस्तकांना वाहिलेले संकेतस्थळ आहे, अनेक प्रकाशकांची स्वतःची संकेतस्थळे आहेत, आणि पुण्या-मुंबईतले कितीतरी विक्रेते फोनवर यादी घेऊन, यूपीआयने पैसे आले की त्याच दिवशी पार्सल टपालात टाकतात. मोठ्या बाजारपेठेवरूनच घ्यायचे असेल, तर विक्रेत्याचे नाव उघडून पाहावे. ते दाखवणे 2020 च्या नियमांनी बंधनकारक आहे. आणि एकेक पुस्तक वेगवेगळे न मागवता घरातल्या, शेजारच्या दोघा-तिघांची यादी एकत्र करावी, कारण पाच किलोपर्यंतच्या पार्सलाला ज्ञान पोस्टने जे 100 रुपये पडतात, ते दहा-बारा पुस्तकांवर वाटले तर प्रत्येकी दहा रुपयांच्या आसपासच येतात.