महिनाभर मासा टाकू नका, एवढं सांगायला काय जातं?

"महिनाभर टँकमध्ये मासा टाकू नका." समुद्री माशांचा नवा टँक विकताना हे एक वाक्य बोलायला दुकानदाराला पाच सेकंद लागतात. ते पाच सेकंद त्याने दिले नाहीत आणि माझ्या घरात चार दिवसांत दोन मासे आणि फुलासारखा दिसणारा एक समुद्री प्राणी, अ‍ॅनिमोन तडफडून मेले. माझा राग अजून गेलेला नाही.

मार्चमध्ये लेकीचा वाढदिवस होता. तिला क्लाऊनफिश हवा होता, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला. दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या मी सांगितलं, मला यातलं काही कळत नाही, तुम्ही सांगाल तसं करतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टँक घेतला. फिल्टर, वाळू, दगड, मीठ, आणि सोलापुरात मार्च महिन्यात हीटरसुद्धा गळ्यात मारला. मी विचारलं, मासे कधी न्यायचे? "आजच न्या की ओ. पाणी भरा, मीठ टाका, दोन तास फिल्टर चालवा आणि सोडा बिनधास्त. काय होत नाय." मीठ किती टाकायचं? "चव बघा, समुद्रासारखी लागली की झालं." चव बघा! जिवंत प्राणी सोडायचा त्या पाण्याची चव बघून अंदाज करायचा! वर अ‍ॅनिमोन दिला, का तर त्याच्याशिवाय क्लाऊनफिश जगतच नाही म्हणे. साफ खोटं. टँकमध्ये क्लाऊनफिश अ‍ॅनिमोनशिवाय मजेत राहतो. उलट अ‍ॅनिमोनलाच कित्येक महिने मुरलेला टँक आणि चांगला प्रखर लाईट लागतो. नवख्या माणसाला तो विकणं म्हणजे मरायलाच पाठवणं.

नंतर मी रात्र रात्र जागून जे वाचलं, ते त्याला माहीत नसेल यावर माझा अजिबात विश्वास नाही. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सोडत असतो. समुद्रात तो खाणारे जिवाणू सगळीकडे असतात, नव्या कोऱ्या टँकमध्ये नसतात. ते दगडांवर, वाळूत, फिल्टरच्या स्पंजात हळूहळू वस्ती करतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं कमी घातक नायट्रेट. ही साखळी बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात आणि तोवर टँकमध्ये जे सोडाल ते स्वतःच्याच विषात पोहत असतं. त्यात समुद्री पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4. पाणी जितकं अल्कधर्मी आणि जितकं गरम, तितका अमोनिया जास्त घातक. म्हणजे गोड्या पाण्यातला मासा ज्यात कसाबसा तग धरेल, त्यात हा मरतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठा मासा वरच्या कोपऱ्यात पाण्याला तोंड लावून उभा होता. कल्ले इतके भराभर हलत होते की बघवत नव्हतं. मध्येच तो एका कुशीवर कलायचा, पुन्हा सावरायचा. लेक शाळेच्या ड्रेसमध्ये, एका पायात बूट, दुसरा हातात. "पप्पा, तो दमलाय का?" मी काय सांगणार होतो तिला? संध्याकाळपर्यंत तो गेला, चौथ्या दिवशी दुसरा. अ‍ॅनिमोन तर काचेवरून सुटून फिल्टरपाशी लोळागोळा होऊन पडला आणि सगळ्या हॉलमध्ये कुबट वास सुटला. नीट सांभाळला तर दहा वर्षांपेक्षा जास्त जगणारा मासा आहे हा. आमच्या घरी चार दिवस!

ऑनलाइन मागवलेला अमोनियाचा टेस्ट किट पाचव्या दिवशी आला. टँकमध्ये कुणी उरलं नव्हतं तरी मी पाणी तपासलं. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं, ते गर्द हिरवं झालं. फोटो काढला आणि दुकानात फोन लावला. उत्तर काय? "पाणीच तुमचं खराब असंल ओ." चोराच्या उलट्या बोंबा!

बरं, पाण्याचंच बोलू. सोलापुरात पाण्याची काय कथा आहे हे दुकानदाराला माहीत नाही का? नळाला चार-चार दिवसांनी पाणी सुटतं, त्यात क्लोरीन. बोअरचं पाणी एवढं जड की स्टीलच्या बादलीवर पांढरा थर बसतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस पेन बुडवलं तर आमच्या बोअरला 1140. घरच्या आरओचं पाणी शुद्ध असेल म्हणून ते मोजलं, तिथं 80, कारण चव यावी म्हणून त्यात मिनरलचं कार्ट्रिज बसवलेलं असतं. खाऱ्या टँकला मीठ मिसळण्याआधी शून्याच्या जवळचं पाणी लागतं, म्हणजे आरओच्या पुढे आणखी उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिनचं कार्ट्रिज. एक लिटर चांगलं पाणी काढताना दोन-तीन लिटर वाया जातं. चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात ते गटारात सोडायला जीव होत नाही. आम्ही ते बादल्यांत धरतो आणि फरशी पुसायला, संडासात वापरतो. हे सगळं घेण्याआधी कळायला नको का माणसाला?

आणि मीठ! बिनलेबलच्या पिशवीतलं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यात नुसतं खायचं मीठ नसतं, 400 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि 1300 च्या आसपास मॅग्नेशियम असतं. टँकसाठीचं तयार मीठ त्या हिशोबाने बनवलेलं असतं. माझ्या पिशवीत काय होतं देव जाणे. रिफ्रॅक्टोमीटर नावाची वस्तू असते, दोन थेंब टाकून डोळ्याला लावली की क्षार कळतात, हेही मला दुकानात कुणी सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये पुन्हा सुरुवात केली, या वेळी मासे न आणता. ऊन 40 च्या वर. टँकचं पाणी 32 अंशांवर, जिथं ते 25-26 ला हवं. पाणी गार करणाऱ्या चिलरची किंमत ऐकून गप्प बसलो आणि वरून पंखा लावला. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात, पण रोज लिटर-सव्वा लिटर पाणी उडून जातं. पुन्हा त्याच दुकानात विचारलं, ही माझी चूक. म्हणाला, "मिठाचंच पाणी टाका की." अहो, उडतं ते फक्त पाणी, मीठ टँकमध्येच राहतं! वर आणखी मिठाचं पाणी ओतलं की क्षार वाढत जाणार. क्षार ज्यावरून कळतात ती पाण्याची घनता आठवड्यात 1.025 वरून 1.030 वर गेली. नशीब, आत मासा नव्हता. शाळेतल्या पोराला कळेल अशी गोष्ट आहे ही, आणि हा माणूस वर्षानुवर्षं मासे विकतोय. शिवाय म्हणे कोरल, म्हणजे प्रवाळ, मागवून देतो. आपल्याकडे दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्याला त्याचंही काही नाही.

लोक म्हणतात, सोलापूर कुठं, समुद्र कुठं, नसता नाद कशाला? नाद नसता नाहीये. पाणी नीट बनवलं, धीर धरला तर इथंही जमतं. माझ्या टँकमध्ये आता अमोनिया शून्य आहे, नायट्राइट उतरतंय. लेक रोज संध्याकाळी नळीचा रंग स्वतः वहीत लिहिते. हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तिने तेव्हाही लिहिलं असतं.

परवा रविवारी कार्ट्रिज घ्यायला गेलो तर काउंटरवर एक बाप आणि सहा-सात वर्षांचं पोरगं. नवा टँक पॅक होत होता, पोराच्या हातात पिशवी, पिशवीत क्लाऊनफिश. "दोन तास फिल्टर चालवा आणि सोडा बिनधास्त." तेच शब्द! मला राहवलं नाही. मी त्या गृहस्थांना म्हणालो, दादा, आज मासा नेऊ नका, मरेल. दुकानदार लगेच, "यांचं पाणी खराब होतं ओ, तुम्ही नका लक्ष देऊ." मी मोबाईल काढून त्या हिरव्या नळीचा फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी पोराच्या हातातली पिशवी घेऊन काउंटरवर ठेवली. पोरगं रडायला लागलं. दुकानदार म्हणाला, "सर, धंद्याच्या टायमाला असं करत जाऊ नका," आणि पिशवी उचलून मागच्या टँकवर ठेवली, पुढच्या गिऱ्हाइकासाठी.