नदीकाठ सतरा किलोमीटर, खोदकाम पाचशे: एका नागपूरकराच्या प्रतिक्रियेला उत्तर

नागपूरकर भाऊ, नमस्कार.

आपल्या नागपुरातल्या बर्डी आणि इतवारी या बाजारपेठांतली मंदी आणि नाग नदीचं काम यावर मी लिहिलं होतं, त्याखाली तुम्ही ‘एक नागपूरकर’ अशी सही करून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. ती ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की नदीचा नाला केला तो याच दुकानदारांनी, काठ बळकावले, कचरा टाकला, आणि आता काम निघालं तर मंदीचं रडगाणं गातात. अहमदाबादने साबरमतीचा काठ करून दाखवला, आपण प्रत्येक कामात खोडा घालतो. दुकानदारी ऑनलाइनने बुडवली, नदीचा तिच्याशी संबंध काय? आणि पुराची भरपाई मागणारे हे लोक विमा का काढत नाहीत?

माझं रोजचं काम इतवारीतल्या दुकानांचे हिशेब लिहिण्याचं. त्यामुळे या प्रश्नांची उत्तरं मला वह्यांतून दिसतात, आणि तशीच देतो.

आधी नदी. ती स्वच्छ व्हावी असं मला मनापासून वाटतं, कारण तिचं पाणी आपल्या वेशीवर थांबत नाही. पिली नदीला सोबत घेऊन ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि आपल्या न्हाणीघरातलं, संडासातलं सगळं गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन बसतं. भंडारेकरांची पाण्याच्या वासाची तक्रार जुनी आहे आणि ती आपल्यामुळे आहे. म्हणून २०२२ साली मंजूर झालेला सुमारे १,९२७ कोटींचा नाग नदीचा प्रकल्प मला हवा आहे. केंद्राचे ६० टक्के, राज्याचे २५ आणि महापालिकेचे १५, शिवाय जपानच्या ‘जायका’चं कर्ज. एवढा पैसा पुन्हा लवकर मिळायचा नाही.

पण त्या प्रकल्पात आहे काय? नदीचं काम म्हटलं की काठावरचे दिवे, बाकं आणि बोट डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात मुख्य काम आहे ते मिळून ९२ एमएलडीचे, म्हणजे रोज नऊ कोटी वीस लाख लिटर सांडपाणी शुद्ध करणारे तीन प्लांट, आणि सुमारे ५०० किलोमीटर गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची पाइपलाइन. नदी शहरातून वाहते ती जेमतेम सतरा किलोमीटर. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. खोदकाम काठापेक्षा कितीतरी जास्त आपल्या गल्ल्यांत होणार आहे. तुम्ही ज्यांच्यावर चिडलात ते काठावरचे दुकानदार मूठभर आहेत. मी ज्यांच्याबद्दल लिहिलं ते नदीपासून अर्धा-एक किलोमीटर आत बसलेले आहेत. त्यांच्या दारातून ही लाइन जाईल, आणि जायलाच हवी, कारण जुन्या वस्तीतलं सांडपाणी पाइपात आलं नाही तर ते नाल्यातून नदीतच येत राहणार.

इतवारीतल्या ओळी तुम्ही पाहिल्या असतील. समोरासमोर दोन दुकानांचे ओटे आणि मध्ये हातठेला जाईल एवढी वाट. माल ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून येतो तो हातठेल्यावर आणि गावच्या दुकानदाराचा गठ्ठा बाहेर जातो तोही हमालाच्या पाठीवर नाहीतर हातठेल्यावर. अशा ओळीत मधोमध चार-पाच फूट खोल चर पडला की ठेला बंद. हमाल गठ्ठा डोक्यावर घेऊन फळीवरून जातो आणि मजुरी दुप्पट मागतो, त्यात त्याची चूक काही नाही. गिऱ्हाईक म्हणजे गोंदिया, बालाघाट, आरमोरीकडचा छोटा दुकानदार. तो सकाळच्या गाडीने येतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. त्याच्या हातात चार-पाच तास असतात. दोनदा त्याला फिरून जावं लागलं की तिसऱ्यांदा तो रायपूरचा रस्ता धरतो. त्याचं पान वहीत तसंच राहतं, जुनी बाकी तेवढी दिसते.

हे चांगल्या दिवसांत निभलं असतं. आता निभत नाही, आणि त्याचं कारण ऑनलाइन एवढंच आहे असं मी मानत नाही. बर्डीच्या रेडिमेड कपड्यांना आणि मोबाइलच्या दुकानांना ऑनलाइनचा मार बसला हे खरं आहे. इतवारीचा ठोक बाजार मात्र आजही कापूस आणि सोयाबीनवर चालतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात शेतकऱ्याच्या हाती चार-सव्वाचार हजारांच्या आसपास पडले. एकरामागे हा फरक काढला तर त्यात घरातल्या पोरांचे दिवाळीचे कपडे बसतात. ते कपडे घेतले गेले नाहीत, गावच्या दुकानात माल पडून राहिला, त्याने इतवारीची उधारी दिली नाही. मंदी इथे अशी पोचते, आणि ती पोचायला दोन-तीन महिने लागतात.

त्यात आणखी एक पेच आहे, त्याबद्दल बाजाराबाहेर कोणी बोलत नाही. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातलं एक कलम लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला की करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. वर्ष संपेपर्यंत ती रक्कम मुदत उलटून थकलेली राहिली तर तो खर्च त्या वर्षी मान्य होत नाही आणि त्यावर कर भरावा लागतो. छोट्या कारखानदारासाठी ही चांगली गोष्ट आहे. पण व्यापाऱ्याला स्वतःचं येणं वसूल करताना असं संरक्षण नाही. २०२१ मध्ये ठोक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, खुली झाली, ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. म्हणजे सुरतेकडच्या छोट्या कारखान्याला ४५ दिवसांत द्यायचे आणि देसाईगंजकडच्या गावच्या दुकानदाराकडून पीक निघाल्यावर घ्यायचे. मधली सगळी ओढाताण सीसी लिमिटवर, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर. या ४५ दिवसांत दुकानापुढे चर उघडा राहिला तर काय होतं, ते व्याजाच्या खात्यात दिसतं.

म्हणून मी काम थांबवा असं कुठेही लिहिलेलं नाही. काम कोणत्या महिन्यात, किती लांबीचं आणि कोणाला सांगून, एवढंच विचारलं होतं.

आता अतिक्रमण. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं तिथे, जे पक्कं बांधकाम आहे ते निघायला हवं. तिथे मी दुकानदार म्हणून कोणाची बाजू घेणार नाही. नाल्यात थर्माकोल आणि पॅकिंगच्या पट्ट्या टाकणारा दुकानदारही मी रोज बघतो आणि त्याला तोंडावर बोलतो. पण २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतून वाट काढत बर्डीत शिरली. मोरभवनात एसटी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पंचशील चौकातला पूल खचला. त्यानंतर हायकोर्टात जो वाद चालला तो अंबाझरीच्या सांडव्यापुढच्या स्मारकाचा आणि बांधाच्या मजबुतीचा होता. ते दुकानदारांनी बांधलेलं नव्हतं. नदीची वाट अडवणाऱ्यांची यादी करायची तर ती पूर्ण करा, त्यात सगळ्यांची नावं येऊ द्या.

त्या पुरात माझ्या ओळखीचं एक शिलाई-साहित्याचं दुकान गेलं. अस्तर, फॉल, बक्रम, चेन, बटणं. गोदाम तळघरात. पाणी उतरल्यावर आम्ही आत गेलो तेव्हा अस्तराचे तागे वरून कोरडे दिसत होते, पण हात लावला की आतून चिखल सुटायचा, आणि लाल तागा पिवळ्यात, पिवळा पांढऱ्यात उतरलेला. बटणं धुऊन निघाली, बक्रमचा लगदा झाला. सरकारने दुकानांसाठी ५० हजारांपर्यंत आणि टपऱ्यांसाठी १० हजारांची मदत जाहीर केली होती. ती वेळेला आली, नाही म्हणत नाही. पण तळघरातला माल किती होता हे दाखवायला खरेदीची बिलंच उरली नव्हती, तीही खालीच होती.

इथे तुमचा विम्याचा मुद्दा येतो आणि तो रास्त आहे. ज्या दुकानाला बँकेची सीसी आहे त्याच्या मालाचा विमा बँक सक्तीने काढते. ज्याला सीसी नाही, जो स्वतःच्या भांडवलावर आणि दलालाच्या भरवशावर बसला आहे, तो विम्याशिवाय असतो, आणि बाजारात असेच जास्त आहेत. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी आहे आणि पूर त्यातच धरलेला आहे, वेगळा घ्यावा लागत नाही. तळघरात माल असेल तर तो पॉलिसीत स्पष्ट दाखवा, नाहीतर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिलं बोट तिथेच ठेवतो. खरेदीची बिलं मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. हे वाचणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला माझी कळकळीची विनंती आहे, या पावसाळ्याआधी एवढं करा.

साबरमतीबद्दल. मी तो काठ बघितला आहे, देखणा आहे. पण तिथे जे पाणी दिसतं ते नर्मदेच्या कालव्यातून सोडलेलं आहे. आपल्या नाग नदीला पावसाळा सोडला तर स्वतःचं पाणी नाही. पेंच धरणाचं पाणी पिण्याला आणि शेतीला पुरवताना उन्हाळ्यात काय होतं ते आपण जाणतो. उरतं ते शुद्ध केलेलं सांडपाणी, आणि भांडेवाडीच्या सांडपाणी प्लांटमधून निघणारं असं पाणी आधीच कोराडीकडच्या वीज केंद्रासाठी दिलेलं आहे. म्हणजे नदीत बारमाही नितळ पाणी हवं असेल तर आधी गडर लाइन, मग प्लांट आणि सगळ्यात शेवटी काठ. हा क्रम उलटा झाला तर संगमरवरी पायऱ्यांवर बसून आपण वासच घेणार. आणि अहमदाबादकडून घ्यायचीच असेल तर एक गोष्ट नक्की घ्यावी. तिथला रविवारचा जुना गुजरी बाजार काठाच्या कामात हलवावा लागला, तेव्हा २०१४ मध्ये त्याला काठावरच ओटे बांधून जागा दिली गेली. भांडण तिथेही झालं, पण बाजार नकाशावर राहिला.

आपल्या फेरीवाल्यांचं तेवढंही झालेलं नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे, तरी बर्डीच्या मेन रोडवर आजही सकाळी अतिक्रमण हटवणारी गाडी येते आणि संध्याकाळी ठेले परत लागतात. दुकानदार आणि फेरीवाला एकमेकांच्या उरावर बसले आहेत. त्यावर स्वतंत्र लिहीन, इथे जागा पुरायची नाही.

माझी मागणी पुन्हा मांडतो, म्हणजे गैरसमज राहायला नको. जुन्या बाजारपेठेतलं खोदकाम पौषात घ्या. तेव्हा लग्नं नसतात, पाऊस नसतो, ठोकची उचल कमी असते, संक्रांत झाली की पुढच्या लग्नसराईची खरेदी सुरू होते. एका ओळीत एका वेळी पन्नास-साठ मीटरच उघडा, पाइप टाका, चेंबर बांधा, बुजवा, रस्ता दाबा, मग पुढे जा. राखीपासून दिवाळीपर्यंत इतवारी, महाल आणि गांधीबागेत कुदळ लावू नका. ओळीच्या तोंडाशी मराठी-हिंदीत फलक लावा: काम कधी सुरू, कधी बंद, इंजिनिअरचा नंबर. दंडाची अट ठेकेदाराच्या करारात आधीच घाला. याने प्रकल्पाचा खर्च फारसा वाढत नाही, फक्त आखणी करताना बाजारातल्या चार माणसांना बोलवावं लागतं.

यातल्या कोणत्या मागणीने नदीच्या कामात खोडा पडतो ते तुम्ही सांगा. मी तुमच्याशी त्यावर बोलायला तयार आहे, इथे किंवा दुकानात येऊन.

आणि एक मदत हवी. तुमच्या वस्तीत अलीकडे गडर लाइन बदलली असेल तर रस्ता किती दिवस उघडा होता, चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीला बसली का, आणि काम सुरू व्हायच्या आधी घरा-दुकानांना कोणी कळवलं होतं का, एवढं लिहून पाठवा. महाल आणि हंसापुरीतल्या वाचकांनी अशी माहिती पाठवायला सुरुवात केली आहे. ती एकत्र करून मी आणि बाजारातली काही मंडळी झोन कार्यालयात नेऊन देणार आहोत, त्यात तुमच्या वस्तीचं पानही असावं.