लाळेच्या टेस्टची वाट बघत बसू नका
फॅमिली ग्रुपवर काल परत तो फॉरवर्ड आला, 'आता नुसत्या थुंकीवरून तोंडाचा कॅन्सर कळणार, बायोप्सीची कटकट नाही'. टाकला कोणी तर आमच्या दादाने, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

माझे मामा मार्केटयार्डात हमाल होते. 30 वर्षं तंबाखू, चुन्याची डबी कायम खिशात. गालात दाढेपाशी आधी पांढरा चट्टा, मग जखम, आणि चार महिने एकच, 'दाढेची धार लागतीय रे'. बायोप्सी, म्हणजे तपासायला जखमेचा छोटा तुकडा काढणं, म्हटल्यावर घाबरून घरी आले कारण शेजारच्यांनी सांगितलेलं की सुरी लागली की कॅन्सर पसरतो. साफ खोटं आहे हे, पण त्यात अजून दोन महिने गेले.

त्यामुळे लाळेची टेस्ट म्हटलं की मलाही आशा वाटते. लाळ दिवसभर त्या जखमेवरूनच फिरते, तिथल्या पेशींमधली प्रोटीन्स, डीएनए-आरएनएचे तुकडे तिच्यात उतरतात. अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठाच्या डेव्हिड वाँग यांच्या टीमने 2004 मध्येच लाळेतले सात आरएनए मोजून पेशंट आणि निरोगी माणसं बऱ्यापैकी वेगळी करून दाखवली होती. पण त्यातलंच आयएल-8 घ्या, ते सुजेशी संबंधित आहे, हिरड्या सुजल्या तरी वाढतं, आणि तंबाखू खाणाऱ्याच्या हिरड्या धड असतात कुठे? म्हणजे आकडा वाढला तरी शेवटी तुकडा काढूनच खात्री करावी लागणार.

मला विचाराल तर या टेस्टची खरी गरज ऑपरेशननंतर आहे. मामांच्या गालात आता छातीवरची कातडी लावलीये, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, डॉक्टरांना टॉर्च मारूनही मागचं नीट दिसत नाही. अशा माणसाची लाळ दर तीन महिन्यांनी तपासून त्याच्याच आधीच्या आकड्याशी ताडून बघता आली तर केवढा आधार होईल! फक्त रेडिएशनने तोंड इतकं कोरडं पडतं की मामी मिक्सरमधून काढलेली पोळी-दूध भरवताना घोटाघोटाला पाणी देते, त्यांनी ट्यूबभर लाळ आणायची कुठून? टेस्ट बनवणाऱ्यांनी या लोकांचा विचार आधी करावा, मनापासून सांगतो.

आणि तोवर काहीच नाही असंही नाही ना. केरळात तिरुवनंतपुरमजवळ आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन नुसतं तोंड उघडून बघितलं, तेवढ्यावर तंबाखू-दारूवाल्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले, 2005 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, लाल-पांढरा चट्टा, तोंडात तीन बोटं उभी न जाणं, एवढं तर घरी आरशातही दिसतं.

दादा गेली कित्येक वर्षं गुटखा खातो. महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी त्याला रोज पुडी मिळते. गणपतीत मोदक खाताना त्याचं तोंड पूर्ण उघडत नव्हतं, मी बघितलंय. सकाळी फोन केला, तर म्हणे 'ती लाळेची टेस्ट आली की करू'. शनिवारी अकराची डेंटिस्टची अपॉइंटमेंट घेतलीये त्याच्या नावाने, मी स्वतः गाडीवर बसवून नेणारे.