पेटवर्थचे टर्नर तिथेच का असावेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या पेटवर्थ हाउस या जुन्या उमरावी वाड्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही सडेतोड लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : खोल्या अंधाऱ्या, चित्रं भांड्यांच्या दुकानासारखी छतापर्यंत रचलेली, इंग्रज निसर्गचित्रकार टर्नर यांची तिथली चित्रं लंडनला टेट गॅलरीत चांगल्या उजेडात लावायला हवीत आणि मी उगाच जमीनदारी थाटाला भुललो.

वाड्यातल्या नॉर्थ गॅलरी या चित्रदालनापुरतं मान्य. वरच्या ओळीतली चित्रं बघताना माझीही मान अवघडली आणि दिसलं काय, तर चकाकणारं व्हार्निश. लेखात हे यायला हवं होतं. अंधार मात्र मुद्दाम ठेवलेला असतो, कापड आणि रंग उडू नयेत म्हणून. पाच मिनिटं थांबलं की डोळे सरावतात.

पण कार्व्ह्ड रूम, म्हणजे कोरीवकामाच्या खोलीमधली टर्नरची चार चित्रं हलवायची म्हणता, तिथे माझं तुमच्याशी जमत नाही. वाड्याचे तेव्हाचे मालक, तिसरे अर्ल ऑफ एग्रेमॉन्ट, यांनी ती 1820 च्या दशकाच्या अखेरीस टर्नरकडून याच खोलीसाठी करून घेतली. भिंत तर आधीच भरलेली. वर पूर्णाकृती व्यक्तिचित्रं, भोवती काष्ठशिल्पी ग्रिनलिंग गिबन्सचं 1690 च्या दशकातलं कोरीवकाम : फुलं, पक्षी, वाद्यं, सगळं लाकडात, पाकळ्या इतक्या पातळ की हात लावायची भीती वाटावी. उरली खालची पट्टी. म्हणून चित्रं जेमतेम दोन फूट उंच आणि जवळजवळ पाच फूट लांब. संग्रहालयाच्या रिकाम्या भिंतीवर हा आकार चमत्कारिकच दिसेल. एका चित्रात मावळतीच्या उजेडात तळं, झुंजणारी हरणं आणि चक्क क्रिकेट चाललंय. मान वळवली की पश्चिमेच्या खिडकीतून तेच तळं, उद्यानरचनाकार केपेबिलिटी ब्राउनने आखलेलं. टेटमध्ये ही खिडकी कुठून आणणार?

जमीनदारीचं म्हणाल, तर ती या चित्रांतच आहे. एक चित्र चिचेस्टरच्या कालव्याचं, आणि त्या कालव्यात अर्लसाहेबांचे पैसे गुंतलेले. पाहुण्यांना जेवता जेवता गुंतवणूकही दाखवून व्हायची!

आणि गंमत म्हणजे चित्रं टेटचीच आहेत. वास्तू 1947 मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे गेली, ही चित्रं सरकारने कराच्या बदल्यात घेतली आणि 1984 मध्ये टेटच्या नावे केली. तरी ती पेटवर्थलाच ठेवली आहेत.

पहिल्या भेटीत उभ्याने पाहिली तेव्हा मलाही ती बेताचीच वाटली होती. बुटाची नाडी सुटली म्हणून खाली वाकलो, मान वर केली, तर तळं थेट डोळ्यांसमोर. ती खोली जेवणाची होती. चित्रं बसलेल्या माणसासाठी लावलीत, हे तेव्हा कळलं. नाडी बांधायला मग जरा वेळच लावला.