‘मैदानाला जात कळत नाही’: फिरणाऱ्या एका मजकुराला उत्तर

2 नोव्हेंबर 2025 ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या आनंदात एक जुना मजकूर नव्या जोमाने व्हॉट्सॲपवर फिरू लागला. शब्द थोडेफार बदलतात, सार असं असतं: ‘मैदानाला जात-धर्म कळत नाही. धावफलक आडनाव विचारत नाही. ज्याच्यात दम आहे तो वर येतोच. आता मुलींनीही करून दाखवलं, त्यांना कोणी अडवलं? मुलांच्या खेळात समानतेचं खूळ घुसवू नका, दर्जा घसरेल.’

हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक लोक खेळावर मनापासून प्रेम करणारे असतात. त्यांत माझे सहकारी आहेत, माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे पालक आहेत. निदान मैदान तरी स्वच्छ असावं असं त्यांना वाटतं. मलाही तसंच वाटतं. मी शाळकरी मुलामुलींना खो-खो शिकवते, आणि म्हणूनच या मजकुरातला एकेक दावा तपासायला हवा असं मला वाटतं.

‘मैदानाला जात-धर्म कळत नाही’

मैदान चालवणाऱ्या माणसांना कळतो. दलित कुटुंबातले पळवणकर बाळू हे क्रिकेटमधले आपले पहिले मोठे फिरकी गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळताना त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांना चालायचा, पण चहाच्या वेळी ते खेळाडूंच्या मांडवाबाहेर उभे राहत आणि त्यांचा चहा वेगळ्या भांड्यात येई. तेव्हा मुंबईच्या मोठ्या स्पर्धेत धर्मांनुसार संघ असत. त्यातल्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना अधिकृतपणे कधीच मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, तेही त्याआधी भावांनी संघातून बाहेर पडून उघड निषेध केल्यावर. म्हणजे धावफलकाने आडनाव विचारलं नाही हे खरं, पण त्यावरचे आकडेही बाळूंना मांडवात घेऊन गेले नाहीत.

‘हे शंभर वर्षांपूर्वीचं झालं,’ असं उत्तर येतं. मग 2021 घ्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. काही दिवसांत संघ उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके वाजले, तिच्या कुटुंबाला जातीवरून शिवीगाळ झाली. देशासाठी केलेली हॅट्‌ट्रिक आठवडाभरही पुरली नाही.

मुलांच्या संघात हा प्रकार फटाक्यांसारखा वाजत नाही. तो टोपणनावातून येतो. रंगावरून, वस्तीवरून, धर्मावरून एखाद्याला पडलेलं नाव वर्षभर चालतं आणि सरही त्याच नावाने हाक मारतात. चटया उचलायला, पाण्याचे कॅन आणायला नेहमी तीच दोन-तीन मुलं पाठवली जातात. प्रवासात डबा उघडताना कोण कोणाशेजारी बसतं ते बघा. बारा वर्षांचं मूल याची तक्रार करत नाही, ते हळूहळू सरावाला यायचं बंद होतं. आपण हजेरीवहीत ‘अनियमित’ असा शेरा मारून मोकळे होतो.

‘ज्याच्यात दम आहे तो वर येतोच’

हे वाक्य तपासायला जातीपर्यंत जायचीही गरज नाही. जन्ममहिना पुरेसा आहे.

बीसीसीआयच्या वयोगटांत वय 1 सप्टेंबरला मोजतात. सप्टेंबरात जन्मलेला मुलगा आणि त्याच्या पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात, दोघांमध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी तेवढ्या काळात उंची, खांदे, वेग सगळंच बदलतं. निवड करणाऱ्याला साहजिकच अंगाने भरलेला मुलगा डोळ्यांत भरतो. तो संघात जातो, त्याला चांगले प्रशिक्षक मिळतात, जास्त सामने मिळतात आणि दोन-तीन वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळायला लागतो. तोवर ऑगस्टवाल्याने खेळ सोडलेला असतो. संशोधकांनी हे 1980 च्या दशकात कॅनडाच्या आइस हॉकीत दाखवून दिलं. तिथे वय 1 जानेवारीला मोजायचे आणि वरच्या पातळीवरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी होती. पुढे फुटबॉलसह अनेक खेळांत, अनेक देशांत हेच आढळलं. तारीख बदलली की गर्दीचे महिने बदलतात, गर्दी राहतेच.

सप्टेंबरात जन्मलेली मुलं उपजत गुणी असतात असं कोणीच म्हणणार नाही. मग आपण गुणवत्ता म्हणून जे मोजत होतो, त्यातला काही भाग निव्वळ कॅलेंडरचा होता हे मान्य करावं लागतं. इंग्लंडमधल्या काही फुटबॉल अकादम्यांनी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून मुलांचे सामने खेळवून पाहिले आहेत. आपल्याकडे निवड चाचणीच्या यादीत प्रत्येक नावापुढे जन्मतारीख लिहिलेली असतेच, पण कोणी वय चोरलंय का एवढंच बघायला ती वापरतात. त्याच तारखेवरून ‘हा गटातला सगळ्यात लहान आहे, पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा’ अशी नोंद करायला एक रुपयाही लागत नाही.

महिन्याने एवढा फरक पडत असेल, तर पैशाने, गावाने, भाषेने किती पडत असेल? शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवं आणि वर्गांना खेळाचं साहित्य द्यायला हवं, असं स्पष्ट लिहिलं आहे. आजही कितीतरी शाळांचं मैदान म्हणजे प्रार्थनेपुरता चौक आहे. खो-खो, कबड्डीच्या मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात आणि आमच्या खेड्यापाड्यातल्या मुली मातीवर सराव करून थेट मॅटवर उतरतात. पहिल्या डावात पाय अडखळतात, वळताना अंदाज चुकतो, आणि चाचणी घेणारे लिहितात, ‘वेग चांगला, नियंत्रण कमी.’ मॅट कधी पाहिली नव्हती ही नोंद कुठेच होत नाही.

खाशाबा जाधवांचं उदाहरण या मजकुराच्या बाजूने हमखास दिलं जातं. गोळेश्वरच्या शेतकऱ्याच्या मुलाने 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण ते तिथे पोहोचले कसे? गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. खाशाबांमध्ये दम होताच. तेवढाच दम असलेला, पण ज्याच्यासाठी घर गहाण ठेवणारं कोणी नव्हतं असा पैलवान घरीच राहिला असता आणि आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं. धाराशिवच्या सारिका काळेने खो-खोत देशाचं नेतृत्व केलं, तिला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. कित्येक वर्षं दिवसातून एकदाच जेवायला मिळायचं, असं तिने स्वतः सांगितलं आहे. ही गोष्ट मी माझ्या मुलींना सांगते. पण सारिका उपाशीपोटी खेळली म्हणून बाकीच्या मुलींनाही उपाशीपोटी खेळता यायला हवं, असा अर्थ त्यातून काढणं मला क्रूर वाटतं.

‘मुलींना कोणी अडवलं?’

विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात 87 धावा करणाऱ्या शेफाली वर्माला रोहतकमधल्या अकादम्यांनी मुलगी म्हणून घेतलं नव्हतं. वडिलांनी तिचे केस मुलासारखे कापले, तेव्हा प्रवेश मिळाला. भावाच्या जागी ती मुलांच्या स्पर्धेतही खेळली. आपण ज्या विजयाचा दाखला देतोय, त्याच विजयात हे उत्तर आहे.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर कुस्ती बघा. पुरुषांची महाराष्ट्र केसरी 1961 पासून आहे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी 2023 मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मधल्या 62 वर्षांत या मातीत ताकदीच्या मुली जन्मल्याच नाहीत, असं मानायचं का? त्यांच्यासाठी गदाच नव्हती.

आणि ‘मुलींना रसच नसतो, आठवी-नववीनंतर आपणच सोडतात’ हे तर मी दर आठवड्याला ऐकते. का सोडतात ते त्यांना विचारा. मैदानाजवळ स्वच्छतागृह नसतं, असलं तर कुलूप असतं, म्हणून पाळीच्या दिवसांत मुली येत नाहीत. कपडे बदलायला आडोसा नसतो, म्हणून घरूनच गणवेश घालून येतात आणि रस्ताभर बोलणी खातात. मैदानाची संध्याकाळची वेळ मुलांच्या संघाला आणि मुलींना भर उन्हाची, किंवा इतक्या उशिराची की शेवटची एसटी चुकावी. गावच्या स्पर्धेच्या फ्लेक्सवर पुरुष गटाचं आणि महिला गटाचं बक्षीस शेजारीशेजारी छापलेलं असतं. तो आकड्यांमधला फरक सातवीतल्या मुलीलाही वाचता येतो.

एवढ्यातून एखादी पुढे गेलीच, तर तिच्या शरीरावर बोट ठेवलं जातं. द्युती चंद 18 वर्षांची असताना, 2014 मध्ये, शरीरातल्या संप्रेरकांच्या पातळीचं कारण देऊन तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळलं. ती आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली आणि 2015 मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला. शालेय पातळीवर लवाद वगैरे काही नसतो. तिथे दंड भरलेली, केस बारीक असलेली मुलगी जिंकली की समोरच्या संघाचे पालकच ओरडतात, ‘ही नक्की मुलगीच आहे ना?’ पंचांनी अशा वेळी सामना थांबवून त्या पालकाला मैदानाबाहेर काढलं पाहिजे. मी हे प्रत्येक स्पर्धेत मागते.

‘तक्रारींनी खेळाचं नाव खराब होतं’

मूळ मजकुरात हे वाक्य नसतं, पण त्याखालच्या चर्चेत येतंच, म्हणून इथे घेते. 2023 मध्ये साक्षी मलिकसारखी ऑलिंपिक पदकविजेती जंतरमंतरवर बसली. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर गुन्हा नोंदवला गेला. आरोपांचा निवाडा न्यायालयाचं काम आहे. माझा प्रश्न तक्रारीच्या वाटेबद्दल आहे. पदक गळ्यात असलेल्या प्रौढ बाईला नुसतं ऐकून घेतलं जावं म्हणून रस्त्यावर बसावं लागत असेल, तर वसतिगृहात राहणारी, प्रशिक्षकाच्या एका शब्दावर जिची निवड अवलंबून आहे अशी चौदा वर्षांची मुलगी काय करेल?

कायदा आहे. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. 18 वर्षांखालच्या मुलामुलींसाठी 2012 चा पॉक्सो कायदा आहे. त्यानुसार असा गुन्हा घडल्याचं माहीत असूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरतो. ‘आपण आपसात मिटवू’ म्हणणाऱ्या क्रीडाशिक्षकाने आणि मुख्याध्यापकाने हे नीट वाचावं. हे मुलग्यांनाही लागू आहे, आणि मुलगे तर याबद्दल बोलतच नाहीत.

‘समानता आणली की दर्जा घसरतो’

या दाव्यासोबत नेहमी एक आव्हान असतं, ‘क्रिकेट संघात कोटा ठेवून बघा!’ एका देशाने जवळपास तेच केलं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने 2016 मध्ये ठरवलं की हंगामभराच्या सरासरीने राष्ट्रीय संघात किमान सहा गौरेतर खेळाडू असावेत आणि त्यांतले किमान दोन कृष्णवर्णीय आफ्रिकी. यावर तिथे वाद झाले, अजूनही होतात. कृष्णवर्णीय फलंदाज तेम्बा बवुमाला ‘कोट्यातला’ म्हणून वर्षानुवर्षं हिणवलं गेलं. जून 2025 मध्ये लॉर्ड्‌सवर ऑस्ट्रेलियाला हरवून दक्षिण आफ्रिका कसोटी विश्वविजेती झाली तेव्हा कर्णधार बवुमाच होता, आणि सामन्यात नऊ बळी घेतले ते कृष्णवर्णीयच असलेल्या कागिसो रबाडाने. एवढ्यावरून प्रत्येक कोटा योग्य ठरत नाही. पण कोट्याने संघ बुडतोच, हा दावा त्या दिवशी टिकला नाही.

आणि मुळात बारा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत कोटा कोणी मागितलेला नाही. मागणी आहे ती सरावाची सारखी वेळ, कुलूप नसलेलं स्वच्छतागृह आणि शिवी न देणारा प्रशिक्षक यांची. यातल्या कशाने दर्जा घसरतो, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

दिव्यांग मुलांबद्दल मजकूर काहीच बोलत नाही, आणि मैदानावरही त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. पीटीच्या तासाला त्यांना वर्गात दप्तरं सांभाळायला बसवतात. सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. त्याच जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीने 2024 मध्ये पॅरिसला गोळाफेकीत रौप्य जिंकलं. दप्तरं सांभाळणाऱ्यांपैकी कोणाला गोळा उचलून बघायचाय, हे पीटीच्या सरांनी एकदा विचारायला हरकत नाही.

जून महिन्यात मुलामुलींना अकादमीत किंवा शाळेच्या संघात घालताना पालक फी विचारतात, प्रशिक्षकाची पदकं विचारतात. त्याच खेपेला आणखी थोडं विचारा. तक्रार समितीत कोण आहे आणि त्यांची नावं भिंतीवर लावली आहेत का? परगावी स्पर्धेला मुलींबरोबर कोण बाई जाते? निवडीचे निकष लेखी मिळतील का, आणि निवड न झालेल्या मुलाला कारण सांगता का? मुलींच्या सरावाची वेळ कोणी ठरवली? उत्तर द्यायला संस्थेने टाळाटाळ केली, तर तो अनुभव त्याच व्हॉट्सॲप गटात लिहा, जिथे हा मजकूर आला होता.