खटला तपासतात, पण कायदा कोण तपासतं?

नमस्कार. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट होती, आणि एका जागी तिने मला बरोबर पकडलं. ‘यूएपीएवर कुणाचीच स्वतंत्र नजर नाही’ असं मी लिहिलं होतं. ते चूक. २६/११ नंतर, २००८ च्या दुरुस्तीने, खटल्याला मंजुरी देण्याआधी पुराव्याचं स्वतंत्र परीक्षण व्हावं अशी तरतूद कलम ४५ मध्ये आली. मी ती गाळली.

पण ते परीक्षण होतं कसं, तेही बघा. नियमाप्रमाणे मुदत कामकाजाचे सात दिवस. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून अटक झालेल्या प्रा. साईबाबांच्या खटल्यात हे काम आपल्याच राज्याच्या अभियोग संचालकांकडे होतं, म्हणजे सरकारी वकिलांचं खातं सांभाळणाऱ्याकडे! २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने तो अहवाल पाहिला, तर पुराव्याच्या विश्लेषणाचा सारांशही त्यात नव्हता. शिवाय साईबाबांपुरती मंजुरी आली ती खटला सुरू झाल्यावर. म्हणून खंडपीठाने त्यांना सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला हे खरं. पण फेरसुनावणीत, मार्च २०२४ मध्ये, ते पुन्हा निर्दोषच ठरले. अटक मे २०१४ मधली. तुम्ही म्हणता, ‘न्यायालयं आहेत की.’ आहेत ना, दहा वर्षांनी.

आता तुम्ही म्हणता ते ‘ब्रिटनचे लाड’. दहशतवादविरोधी कायद्यांवर नजर ठेवणारा तिथला स्वतंत्र परीक्षक पोलिसांचा हात धरत नाही, तेवढा अधिकारच त्याला नाही. त्याला गोपनीय कागद बघता येतात, तो दरवर्षी अहवाल लिहितो आणि मंत्र्यांना तो संसदेपुढे ठेवावा लागतो. इतकंच. ही मंडळी उठसूट सरकारला झोडपतात असंही नाही. २००५ मध्ये तेव्हाचे परीक्षक लॉर्ड कार्लाइल यांनी आरोप न ठेवता ९० दिवसांच्या कोठडीची बाजू घेतली होती; फेटाळली ती खासदारांनी. तुमचं त्यांच्याशी चांगलं जमलं असतं.

परदेशी दाखला नको असेल तर घरचा घ्या. टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याला दोन-दोन वर्षांची मुदत असे. ती वाढवायची तर संसदेत पुन्हा कारणं द्यावी लागत. १९९५ मध्ये मुदत वाढली नाही, कायदा संपला. त्यानंतरच्या पोटा कायद्यालाही तीन वर्षांची मुदत होती. यूएपीए मात्र कायमचा. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईची जखम ओली असताना, केलेल्या बदलांचा एकूण हिशेब संसदेपुढे मांडायची जबाबदारी कुणाचीच नाही. कलम ४५ खाली एकेक फाइल बघणाऱ्या प्राधिकाऱ्याची तर नाहीच. माझा आक्षेप एवढाच होता, आणि मी तो ढिसाळ मांडला.

मूळ लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलंय, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून.